पॉझिटिव्ह जमिनीला

निवृत्तीकाका तीन वर्षांनी लातूरला थोरल्या भावाच्या, ज्ञानोबांच्या दारात आले, ते नांदेडहून एसटीनं, मे महिन्याच्या उन्हात, खांद्यावर हत्यारांची पिशवी टाकून. चांगुणाबाईंनी दार उघडलं, दिराकडे पाहिलं आणि आत वळून म्हणाल्या, "शिवे, तुजे काका आलेत. त्यांना पानी दे." स्वतः काही दिलं नाही. दुष्काळात पाणी मोजूनमापून द्यावं लागतं हे खरं, पण हा दुष्काळ वेगळा होता आणि तो काकांच्या चांगला ओळखीचा होता. या घरात वहिनी त्यांच्याशी बोलायच्या त्या तिसऱ्याच्या तोंडून.

त्यांना बोलावलं होतं पुतणीनं, शिवकन्येनं. तिचं पोस्टकार्ड काकांनी एसटीत चार वेळा वाचलं होतं. "येत्या आइतवारी साडेचारला नरसिंगदादा जहाजावरून बोलणार आहे. आमच्याकडे दोन ते सहा लाइट नसते. सेट बॅटरीवर चालवावा लागेल. तुमच्याशिवाय ते कुणाला जमणार?" शेवटचं वाक्य म्हणजे सरळसरळ लोणी लावणं होतं. काकांना ते कळलंही होतं. पण एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीरूममध्ये काढलेल्या माणसाला रिटायर झाल्यावर असं लोणी कोण लावतं? ते दुसऱ्याच दिवशी निघाले.

नरसिंग हा चांगुणाबाईंचा थोरला मुलगा. पण चौथीपासून तो नांदेडला काकांकडे शिकला. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, काकू पुढे वारल्या, आणि पोरगा काकांच्या हाताखालीच मोठा झाला. एक्स्चेंजमध्ये जागा निघाली तेव्हा काकांनी साहेबांच्या हातापाया पडून त्याचं नाव लावलं. नरसिंग म्हणाला, "मला जहाजावरच्या रेडिओचं शिक्षण मिळालंय, मी बॅटरीत ॲसिड भरत बसणार न्हाई." काकांचं डोकं फिरलं. "मंग माझ्या घरात पाय ठेवू नकोस," म्हणाले. पोरानं शब्द खरा केला. नांदेडला गेला नाही, लातूरलाही आला नाही, थेट समुद्रावर गेला. पत्रं यायची, ती बहिणीला. आईनं तीन वर्षांत लेकाचा आवाज ऐकला नव्हता, आणि त्याचा सारा दोष तिनं दिराच्या पदरात टाकला होता.

शिवकन्या पॉलिटेक्निकात लॅब असिस्टंट होती. हौशी रेडिओची, म्हणजे घरच्या सेटवरून लांबलांबच्या लोकांशी बोलण्याची, सरकारी परीक्षा देऊन तिनं लायसन काढलं होतं. गल्लीत आधी लोक हसले, मग नावाजायला लागले. हैदराबादच्या एका म्हाताऱ्या हौशी गृहस्थानं तिला आपला जुना सेट महिनाभरासाठी दिला होता, बारा व्होल्टवर चालणारा. नरसिंगचं जहाज या आठवड्यात मॉरिशसच्या अलीकडे होतं. तिथून आवाज स्वच्छ येईल, पुढे आफ्रिकेला वळसा घातला की भरवसा नाही, असं त्यानं पत्रात लिहिलं होतं.

"म्हणजे आइतवार हुकला तर हुकला," काका म्हणाले.

"हाव," शिवकन्या म्हणाली.

काकांनी बाह्या सारल्या.

बॅटरी ज्ञानोबांनी गंजगोलाईच्या बाजारातून आणून ठेवली होती, एका जुन्या जीपची. लातूर जिल्हा झाला तशी ज्ञानोबांची उस्मानाबादहून इकडे बदली झाली होती आणि यंदा त्यांना टँकरच्या कामाला जुंपलं होतं. अख्ख्या जिल्ह्याला टँकर पाठवणाऱ्या माणसाच्या घरी मात्र दोन दिवसांआड चार घागरी पाणी येत होतं. चांगुणाबाई हे शेजारणींना सांगायच्या, आणि ज्ञानोबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायच्या.

काकांनी बॅटरीची बुचं काढली, आत डोकावले आणि कपाळाला हात लावला. "दादा, पट्ट्या उघड्या पडल्यात. पानीच न्हाई हिच्यात."

"मंग टाकू की घागरीतलं," ज्ञानोबा म्हणाले.

काकांनी भावाकडे असं पाहिलं की ज्ञानोबांनी घागर खाली ठेवली. "टँकरचं पानी बॅटरीत? त्या क्षारानं चार दिवसांत मरंल ती. वाफेचं पानी लागतंय, डिस्टिल. दुकानात भेटंल का?"

दुकानात बाटल्या होत्या. काकांनी एक उघडून जिभेला लावली आणि थुंकले. ते नळाचंच पाणी होतं. दुष्काळात कुणी काय विकेल याचा नेम राहिला नव्हता.

मग काकांनी चांगुणाबाईंचा प्रेशर कुकर मागितला. मागितला म्हणजे शिवकन्येला म्हणाले, "शिवे, तुज्या मायला इचार." शिटी काढून तिथं रबरी नळी बसवली, नळीचा वेढा गार पाण्याच्या बादलीतून नेला आणि दुसरं टोक काचेच्या बरणीत सोडलं. थेंब थेंब पाणी पडायला लागलं.

"शिवे, काकाला म्हनावं, कुकर डाळीला असतो," चांगुणाबाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या. "अन ही बादली कामून अडकवून ठेवलीय? भांडे कशानं घासू?"

"शिवे, मायला सांग, बादलीतलं पानी तसंच्या तसं भेटंल. जरा ऊन व्हईल एवढंच."

"ऊन पानी घिऊन काय करू, बाळंतीन हाय का मी?"

ज्ञानोबा हसले आणि बायकोनं बघताच वर्तमानपत्रात शिरले. शिवकन्या मात्र मधे उभी राहून दोन्हीकडचे निरोप पोचवून दमली होती. "तुमी दोघं एका खोलीत हाय," ती म्हणाली. "मी काय एक्स्चेंज हाय का?"

दुपारभर बादलीशी बसून काकांनी तीन बाटल्या पाणी जमवलं आणि बॅटरीच्या सहाही खणांत मापानं भरलं. पॉलिटेक्निकातून आणलेला चार्जर लावला. लाइट आली-गेली तसं शनिवार आणि रविवारची सकाळ मिळून बॅटरी भरली. दर दोन तासांनी काका काचेच्या नळीत ॲसिड ओढायचे, आतला घनता दाखवणारा तरंगता काटा डोळ्यांसमोर धरायचे आणि म्हणायचे, "अकराशे नव्वद. चढून राहिलीय." रविवारी बाराच्या सुमाराला बाराशे पन्नास भरलं. मग पिशवीतून जीपच्या हेडलाइटचा बल्ब काढून बॅटरीला लावून पाहिला. वीस मिनिटं लख्ख पेटला, मंद झाला नाही.

"आता ही दगा देत न्हाई," काका म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे चोरून पाहिलं. वहिनी भाकरी थापत होत्या. हात मात्र थांबले होते.

बॅटरीच्या जागेवरून काका-पुतणीचं एकमत झालं. बंद खोलीत नको, तिच्यातून गॅस निघतो, म्हणून ती बाहेर पडवीत, खिडकीच्या अगदी खाली. सेट आत, खिडकीला लागून. तार जाड आणि आखूड. "लांब बारीक तार लावली की बोलायचं बटन दाबल्याबरोबर बाराचे दहा व्होल्ट व्हतात," शिवकन्या म्हणाली. काकांनी नुसती मान डोलावली. असं शहाणं वाक्य त्यांच्या हाताखालच्या पोरांच्या तोंडून एकतीस वर्षांत निघालं नव्हतं. बॅटरीजवळ तिनं काचेचा फ्यूज बसवला होता. तसला आणखी एकच फ्यूज शिल्लक होता, सेटवर कागदाच्या पुडीत.

पावणेचारला तिची एरियलची तार सैल पडली. तारेचं एक टोक घराच्या गच्चीवर आणि दुसरं मागच्या बुद्धविहाराच्या झेंड्याच्या पाइपाला बांधलं होतं. वाऱ्यानं पाइप हलत होता. "काका, मी विहारावर जाऊन येते. कशाला हात लावू नका, आल्यावर जोडू," असं सांगून ती गेली.

आता खरं तर काकांनी हात लावायला नको होता. पण समोर भरलेली बॅटरी, हातात पाना, घड्याळ पुढे चाललेलं, आणि एकतीस वर्षांची सवय. त्यांनी तारा निरखल्या. काळी तार सेटच्या पत्र्याला जोडलेली होती आणि तिथूनच एक तार अंगणात ठोकलेल्या लोखंडी सळईला, म्हणजे जमिनीत गेली होती. काळ्या तारेच्या टोकाला पोरीनं चिठ्ठी डकवली होती, 'निगेटिव्ह'.

काका मनात हसले. शिकलेली पोर, पण शेवटी पुस्तकी. जमिनीला निगेटिव्ह? एक्स्चेंजमध्ये पॉझिटिव्ह जमिनीला जातो. निगेटिव्ह जमिनीला दिला तर जमिनीखालची केबल सडून जाते, हे नांदेडच्या बॅटरीरूममध्ये झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. नव्या पोरांना त्यांनी पहिल्या दिवशी शिकवलेला धडा तो. चिठ्ठी चुकली असेल. पोरीला चारचौघांत कशाला सांगा, आपणच गुपचूप दुरुस्त करून टाकू, या प्रेमळ विचारानं त्यांनी काळी तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला आवळली आणि लाल तार निगेटिव्हला टेकवली.

फट्.

निळी ठिणगी उडाली, फ्यूजच्या काचेत काळा धूर भरला आणि खिडकीच्या आत सेटमधून करपल्याचा वास आला.

स्वयंपाकघरातून चांगुणाबाई धावत आल्या. ज्ञानोबा आले. काका हातात लाल तार धरून उभे होते. सेट परक्याचा. आइतवार एकच. तीन वर्षांपूर्वी आपल्या जिभेनं पोरगा घालवला, आणि आज आपल्याच हातानं त्याचा आवाजही जाळला. एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. वहिनीकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

शिवकन्या आली. वासानंच तिला कळलं. तिनं तारा पाहिल्या, चिठ्ठी पाहिली, काकांकडे पाहिलं.

"फ्यूज गेला," ती आईला म्हणाली. बस, एवढंच. आणि पुडीतला दुसरा फ्यूज काढून तारा सुलट करायला लागली.

"थांब," काका म्हणाले. आवाज फाटला होता, पण शब्द बॅटरीरूमचा होता. "एकच उरलाय. तो आदी लावू नको. फ्यूजच्या जागी हा बल्ब लाव. सेटचं बटन बंद ठेव. बल्ब पेटला न्हाई तर सेट ठीक. भरून पेटला तर आत शॉर्ट हाय."

बल्ब लावला. तारा आता बरोबर होत्या, सेट बंद होता. बल्ब लख्ख पेटला.

काका पडवीच्या पायरीवर बसले. घड्याळात चार वाजून आठ मिनिटं झाली होती.

"काय झालं? दिवा तर लागलाय," ज्ञानोबा म्हणाले.

"त्योच तर घोर हाय, दादा."

शिवकन्येनं सेटचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि तार जिथं आत शिरते तिथं नाक नेलं. मग एकदम म्हणाली, "काका, इकडं या. बगा हे."

तिथं करंगळीच्या नखाएवढा एक काळा डायोड होता, फुटलेला. "हैदराबादच्या त्या आजोबांनी बसवलेला हाय," ती म्हणाली. "बॅटरी उलटी लागली तर सगळा करंट यानं स्वतःवर घ्यायचा अन फ्यूज उडवायचा, पुढं जाऊ द्यायचा न्हाई. यानं घेतलाय. स्वतः मेला, म्हणून बल्ब पेटून राहिलाय."

"तोड त्याचा पाय," काका म्हणाले. "लौकर तोड."

तिनं कटरनं डायोडचा एक पाय तोडला.

बल्ब विझला.

"दिवा गेला!" चांगुणाबाई ओरडल्या. "आता काय?"

"गेला तेच ब्येस झालं, वहिनी!" काकाही ओरडले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आपण सरळ वहिनीला बोललो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. ज्ञानोबांना काहीच कळलं नव्हतं, तरी त्यांनी टाळी वाजवली. घरात दिवा विझल्याचा असा आनंद कधी झाला नसेल. शिवकन्येनं डोळे पुसले, फ्यूज बसवला आणि बटन दाबलं. सेटची काच पिवळी उजळली. कर्ण्यातून खरखर यायला लागली. ती खरखर ऐकून काकांना वाटलं, आता काही नाही आलं तरी चालेल. मग लगेच वाटलं, नाही, यायला पाहिजे.

साडेचारला शिवकन्येनं लायसनवरची आपली खूण सांगितली आणि वाट पाहिली. पुन्हा सांगितली. खरखर. तिसऱ्या वेळी खरखरीच्या मागून, लांबच्या विहिरीतून यावा तसा, माणसाचा आवाज आला. आणि मग तो जवळ आला.

"शिवे! लई स्वच्छ येऊन राहिलीस तू. जयभीम. माय बसलीय का जवळ? ओव्हर."

चांगुणाबाईंनी तोंडावर पदर धरला. मग पदर काढून मायक्रोफोनकडे हात केला. शिवकन्येनं मायक्रोफोन मागे घेतला. "माय, तुला बोलता न्हाई यायचं. लायसन माझं एकटीचं हाय. सरकारी कायदा हाय. तू ऐक."

"मायला लेकराशी बोलायला बी लायसन लागतंय?"

"लागतंय."

"कुन्या मेल्यानं केलाय कायदा," चांगुणाबाई म्हणाल्या. पण ऐकायला मिळत होतं, त्यावर त्या भांडायला तयार नव्हत्या. त्या सेटच्या इतक्या जवळ सरकल्या की शिवकन्येला कोपरानं जागा करावी लागली. "इचार त्याला, दाढ काढली का."

"दादा, आमच्याकडं पाऊस न्हाई, ऊन लई हाय, सगळे बरे हायेत. दुखत होती ती दाढ काढली का? ओव्हर."

पलीकडून हसणं आलं. असं मोकळं हसणं, की ज्ञानोबांनीही डोळ्याला हात लावला. "काढली, काढली. सिंगापूरला काढली. हा प्रश्न कुणाचा ते कळलं. तू आपला सेट सांग. लाइट आहे का तिकडं? कशावर चालवून राहिलीस? ओव्हर."

शिवकन्येनं एकदा काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर, पडवीत, बॅटरीजवळ उभे होते. आत आले नव्हते.

"लाइट न्हाई. बारा व्होल्ट बॅटरीवर. पाणी काकांनी स्वतः काढून भरलं, चार्जिंग त्यांनी केलं, दोन दिवस झाले हितंच हायेत. आता खिडकीत उभे हायेत. ओव्हर."

खरखर आली. नुसती खरखर, बराच वेळ. काकांना वाटलं, गेला. आवाज नव्हे, पोरगा गेला, पुन्हा. मग नरसिंग बोलला, हळू.

"काकांना सांग, जहाजावर रेडिओ ऑफिसरला रोज सकाळी काय काम असतं माहिती आहे का. वरच्या डेकवर संकटकाळच्या बॅटऱ्या असतात. त्यांचं पाणी बघायचं, घनता बघायची, वहीत लिहायची. तीन वर्षं रोज ॲसिड बघून राहिलोय मी. जहाज बुडायला लागलं तर मदत मागायला तेवढ्याच बॅटऱ्या असतात. माझ्या कधी बाराशे चाळीसच्या खाली गेल्या नाहीत. कॅप्टन विचारतो, कुठं शिकलास. मी सांगतो, नांदेड एक्स्चेंज. ओव्हर."

काकांनी दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले. काही बोलणं शक्य नव्हतं आणि सरकारनं तशी परवानगीही दिली नव्हती.

पाच वाजायच्या आत आवाज विरत गेला. पुढच्या आइतवारी याच वेळेला हाक मारतो, पोचलो तर पोचलो, असं नरसिंग म्हणाला ते शेवटचं स्पष्ट वाक्य. शिवकन्येनं बटन बंद केलं. ज्ञानोबा शेजारी सांगायला गेले. पोर सेटची वही लिहीत बसली.

काका पडवीत बॅटरीची टोकं फडक्यानं पुसत होते. चांगुणाबाई बाहेर आल्या आणि उभ्या राहिल्या. शिवकन्या आत होती. निरोप न्यायला मधे कुणी नव्हतं.

"वहिनी," काका मान न उचलता म्हणाले. "फ्यूज आपसुक न्हाई गेला. म्या उलटी जोडली बॅटरी. पोरीची चिठ्ठी बरोबर व्हती, एक्स्चेंजचा नेम सेटला लागत न्हाई. मला वाटलं मला जास्त कळतंय." एकतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी साहेबालाही कधी ऐकवलं नव्हतं. "नरसिंगाला बी असंच केलं म्या. माझ्यामुळं गेला त्यो."

चांगुणाबाई खाली बसल्या, पायरीवर.

"तुमच्यामुळं न्हाई गेला, भावजी," त्या म्हणाल्या. "जायच्या आदल्या दिशी त्यो स्टँडवर आला व्हता, मला भेटायला. घरी न्हाई, स्टँडवर. कुनालाच ठाव न्हाई. म्हनला, माय, काकाची माफी मागून ऱ्हातो नांदेडातच. मी म्हनले, जा. चौथीपासनं तुमचाच झाला व्हता त्यो. सुट्टीला यायचा तर पावण्यासारखा यायचा, काका असं म्हनतो अन काका तसं करतो. मला वाटलं, माझा न्हाई तर तुमचा बी नको. समिंदराचा झाला तर झाला." त्यांनी नाक ओढलं. "मंग तीन साल तुमच्यावर रुसून बसले. सोताशी भांडता येत न्हाई ना मानसाला."

काकांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. पोरगा राहतो म्हणाला होता. माफी मागतो म्हणाला होता. तीन वर्षं ज्या ओझ्यानं ते वाकले होते, ते पुरतं त्यांचं नव्हतंच. राग यायला हवा होता, आणि आला तो सुटकेचा उमाळा; ते लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"आदी का न्हाई सांगितलं?" थोड्या वेळानं ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुमी?"

काकांनी खरोखर विचार केला. "भांडलो असतो."

"मंग भांडा की आता," चांगुणाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "नांदेडात तुमच्याशी भांडायला हाय कोन? ऱ्हावा हितं. पोरगं पुढल्या आइतवारी हाक मारनार हाय."

"हाव," निवृत्तीकाका म्हणाले.